मासे सगळ्यात शेवटी आणा

संपादक महोदय,

गच्चीत मासे आणि भाजी एकाच पाण्यावर वाढवायची, म्हणजे अ‍ॅक्वापोनिक्स, या विषयावर वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत अधूनमधून लेख येतात. फोटो झकास असतात: खाली निळ्या पिंपात मासे, वर पालक. लेखातली माहितीही बहुतेक बरोबर असते, फक्त तिचा क्रम चुकतो. लेख वाचून माणूस रविवारी पिंप आणतो, सोमवारी मासे सोडतो आणि पुढच्या रविवारी ते मासे गुलाबाच्या कुंडीत पुरतो. मग 'आपल्याकडच्या हवेला हे मानवत नाही' असा निष्कर्ष निघतो. हवेचा इथे फारसा दोष नाही. नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी काही नेमक्या गोष्टी छापल्या जाव्यात, म्हणून हे पत्र.

मासे विष्ठेपेक्षा कल्ल्यांवाटे जास्त घाण टाकतात, ती अमोनियाच्या रूपात. झाडांना त्याचा थेट उपयोग थोडाच; त्यांना हवं असतं नायट्रेट. अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे दोन गटांतले जिवाणू वाफ्यात मातीऐवजी भरलेल्या खडीवर वस्ती करून असतात. ते दुकानातून आणलेल्या माशांबरोबर पुरेसे येत नाहीत आणि एका रात्रीत वाढतही नाहीत. उन्हाळ्यात तीन-चार आठवडे आणि पुण्या-नाशिकच्या थंडीत सहाहून जास्त आठवडे लागतात. या काळात टाकीत बघण्यासारखं काही नसतं, त्यामुळे लेखात हा काळ एका ओळीत उरकला जातो. इथेच घोडं पेंड खातं.

हिशेब मांडून बघा. ३०० लिटरची टाकी आहे, तिच्यात ५ ग्रॅमची १५ पिल्लं सोडली. ती दिवसाला ४ ग्रॅम खाद्य खातात. खाद्यात ३२ टक्के प्रथिनं असली तर त्या ४ ग्रॅमांतून साधारण ०.१२ ग्रॅम नायट्रोजन अमोनिया होऊन पाण्यात उतरतो, म्हणजे रोज लिटरमागे ०.४ मिलिग्रॅम. आठवड्यात झाला जवळजवळ ३ मिलिग्रॅम. हा अमोनिया किती घातक, ते पाण्याच्या सामूवर, म्हणजे पीएचवर (पाणी किती आम्ल, किती अल्क ते सांगणाऱ्या आकड्यावर) ठरतं. पाणी ३० अंशांवर असताना सामू ७ असेल, तर एकूण अमोनियातला शंभरात एक भागही विषारी रूपात नसतो; सामू ८ असेल तर साडेसात भाग असतो. म्हणून एकाच दुकानातले, एकाच दिवशी आणलेले मासे एका घरी तगतात आणि शेजारच्या घरी मरतात. लोक नशिबाला बोल लावतात; फरक नळाच्या आणि बोअरच्या पाण्याचा असतो.

तेव्हा आधी लगीन जिवाणूंचं. त्यांना अमोनिया लागतो, आणि तो माशांशिवाय देता येतो. आपल्याकडे कल्हईवाले जो नवसागर वापरतात, तोच अमोनियम क्लोराइड. मात्र कल्हईच्या नवसागराच्या शुद्धतेची खात्री नसते, म्हणून प्रयोगशाळेची रसायनं विकणाऱ्या दुकानातून घ्यावा. १०० ग्रॅमची बाटली एका माणसाला पुरून उरते. ३०० लिटर पाण्यात २.३ ग्रॅम टाकला की लिटरमागे २ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन होतो. सोनारी छोट्या काट्यावर मोजा, चमच्याने नको. पंप आणि हवा चालू ठेवा. मत्स्यालयाच्या दुकानात थेंबांच्या तपासणी किट मिळतात; अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि सामू या चार तपासण्या त्यात असाव्यात. कागदी पट्ट्या घेऊ नका, दमट हवेत त्या पटकन बिघडतात. एक दिवसाआड मोजून वहीत लिहा. पहिला आठवडा-दीड आठवडा काहीच हलत नाही, आणि याच टप्प्यावर लोक कंटाळून 'दोनच मासे टाकून बघू' म्हणतात. मग अमोनिया उतरायला लागतो आणि नायट्राइट चढतं. अमोनिया ०.५ च्या खाली गेला की पुन्हा २.३ ग्रॅम. नायट्राइट बराच काळ वरच राहतं. दुसऱ्या गटाचे जिवाणू मुळातच सावकाश वाढतात. शेवटी एका दिवशी टाकलेला पूर्ण डोस चोवीस तासांत नाहीसा होतो, अमोनियाही शून्य आणि नायट्राइटही शून्य. त्या दिवशी मासे आणायला निघावं.

हे लवकर उरकायचं असेल, तर कुणाच्या तरी चालू मत्स्यालयाच्या फिल्टरमधला स्पंज किंवा दोन ओंजळी खडी ओली ठेवून आणा आणि आपल्या खडीत पुरा. दोन आठवडे सहज वाचतात. बाटलीतले 'तयार जिवाणू' उन्हात तापलेल्या दुकानात महिनोन्‌महिने पडून असतील, तर पैसे पाण्यात; इथे तर अगदी शब्दशः.

नळाच्या पाण्यातलं क्लोरीन हेच जिवाणू मारतं. उघड्या पिंपात चोवीस तास हवा सोडून ठेवलं की ते निघून जातं. पण गच्चीवर पाणी उघडं ठेवलं की डेंग्यूचे डास. तेव्हा पिंपाच्या तोंडाला सुती फडकं दोरीने घट्ट बांधा आणि आठवड्याच्या कोरड्या दिवसात (पाण्याची भांडी रिकामी करून सुकवायच्या दिवसात) हे पिंपही धरा. मासे येईपर्यंत टाकीही अशीच झाकलेली हवी; मासे आले की तिच्यात अळ्या टिकत नाहीत, मासेच त्या फस्त करतात. मग धोका या बाजूच्या पिंपाचाच उरतो.

आता रचना. पहिल्यांदा करणाऱ्याला एवढं पुरे: ३०० लिटरची अपारदर्शक टाकी आणि २०० लिटरचं एक निळं पिंप उभं चिरून केलेले दोन वाफे. दोन्ही मिळून साधारण १ चौरस मीटर जागा, ३० सेंटिमीटरपर्यंत खोली. पिंपात आधी काय होतं ते विचारल्याशिवाय घेऊ नका. आंब्याचा पल्प, सरबत, खाद्यतेल चालेल, डिटर्जंट किंवा रसायन नको. पारदर्शक टाकी दिसते सुंदर, पण महिन्याभरात हिरवीगार होते. जोडणीत पितळ, तांबं, जस्ताचा मुलामा असलेला लोखंडी (जीआय) पाइप काहीही वापरू नका. तांबं आणि जस्त दोन्ही माशांना विषारी. सगळं पीव्हीसीत करा.

खडी १० ते २० मिलिमीटरची. क्रशरची खडी दगडाच्या पिठाने माखलेली असते; पाणी नितळ निघेपर्यंत धुवायची म्हणजे अख्खी दुपार जाते, पण हे काम टाळलं तर पंप आठवड्यात तुंबतो. धुण्याआधी मूठभर खडी व्हिनेगरमध्ये टाका. बुडबुडे आले तर तिच्यात चुनखडी आहे. ती सामू कायम वर धरून ठेवेल. आपला काळा दगड या परीक्षेत सहसा पास होतो, पण त्यातल्या पांढऱ्या शिरा कधी कधी फसफसतात. तसे तुकडे वेचून काढा. कोकणात आणि गोव्यात जांभ्याचे तुकडे सहज मिळतात म्हणून कुणी ते वापरू नयेत, ते झिजून पाण्यात गाळ करतात. विटांच्या तुकड्यांचंही तेच.

वाफ्यात पाणी भरणं आणि उतरणं व्हायला हवं, म्हणजे मुळांना आणि जिवाणूंना हवा मिळते. इंटरनेटवर सगळे बेल सायफनच्या (वाफा भरला की आपोआप पाणी ओढून तो रिकामा करणाऱ्या नळीच्या) मागे असतात. तो बघायला मजेशीर आहे, पण नवख्याचा छळ करतो: पाणी कमी येत असेल तर तो सुरूच होत नाही, कडेने नुसता झिरपत राहतो, जास्त येत असेल तर सुरू झालेला थांबत नाही. दोन्ही वाफ्यांचा प्रवाह सारखा ठेवण्यात महिने जातात. त्यापेक्षा साधा टायमर बरा. वाफ्याच्या तळाशी एक इंची पाइप उभा करा, उंची २२ सेंटिमीटर, आणि तळाजवळ त्याला ६ मिलिमीटरचं एक भोक पाडा. भोवती ११० मिलिमीटरच्या पाइपचा चिरा पाडलेला तुकडा ठेवा, म्हणजे खडी आणि मुळं आत येणार नाहीत. पंप १५ मिनिटं चालू, ४५ मिनिटं बंद. चालू असताना वाफा भरतो आणि जादा पाणी पाइपच्या तोंडातून टाकीत पडतं; बंद झाल्यावर त्या लहान भोकातून अर्ध्या-पाऊण तासात सगळं उतरतं. खडीचा वरचा दोन-तीन बोटांचा थर कोरडाच राहिला पाहिजे. वर पाणी दिसलं की शेवाळ आलंच. भोक तुंबलं तर पाणी उतरत नाही, मुळं कुजतात. आठवड्यातून एकदा तार घालून मोकळं करा.

पंप ताशी १००० लिटरचा घ्या. मीटरभर उंचीवर पोचेपर्यंत त्याचं निम्मंच पाणी येतं, आणि तेवढंच हवं असतं. कूलरची मोटर स्वस्त म्हणून लोक बसवतात. तेवढ्या उंचीवर तिची धार करंगळीएवढी होते. पंपाशिवाय ५ वॅटचा एअर पंप चोवीस तास हवाच. ३५ वॅटचा पंप टायमरवर दिवसाचे सहा तास आणि हा एअर पंप, दोघांचं मिळून महिन्याला दहा युनिट.

वजनाबद्दल लेखांत चकार शब्द नसतो, आणि ही सगळ्यात गंभीर उणीव आहे. ३०० लिटर पाणी म्हणजे ३०० किलो. २०० लिटर खडी म्हणजे आणखी ३२० किलो. टाकीवरच वाफे मांडले, तर सहाशेच्या वर किलो अर्ध्या-पाऊण चौरस मीटरवर येतात. भारतीय मानकानुसार वावर असलेल्या सपाट छताचा आराखडा चौरस मीटरला १५० किलो भार धरून करतात. पाण्याच्या टाक्या खांबांवर बसवतात त्या काही हौसेने नव्हे. टाकी खांबाच्या किंवा तुळईच्या डोक्यावर ठेवा, वाफे वेगळ्या स्टँडवर पसरून मांडा, आणि जुनी इमारत असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय काही चढवू नका. खडीऐवजी भाजलेल्या मातीचे हलके गोळे घातले तर ३२० किलोचे सत्तर होतात. महाग पडतात, पण गच्चीसाठी तेच योग्य.

मासे कोणते? आपल्या जलाशयांत चिलापी म्हणून सापडणारा तिलापिया या पद्धतीत जगभर वापरतात, तो काटक आहे. मात्र आपल्याकडे त्याच्या शेतीसाठी सरकारी परवानगीचे नियम आहेत, ते मत्स्य विभागात विचारून घ्यावेत. थाई मांगूरवर २००० सालापासून बंदी आहे. कुणी पिल्लं देऊ केली तरी घेऊ नयेत. कटला-रोहू तळ्याचे मासे, टाकीत त्यांची घुसमट होते. रूपचंद कोकणात आणि मुंबईत चांगला, पण नाशिकच्या थंडीत खाणं सोडतो. घरी मासे खात नसतील तर कोई किंवा साधा लांबट गोल्डफिश घ्या. भाजीला त्यानं काही फरक पडत नाही. शोभेचे मासे मात्र कधीही खाऊ नका, दुकानात त्यांना कोणती औषधं दिली ते कळत नाही. कोणताही मासा नको झाला म्हणून नाल्यात, तळ्यात सोडू नये. टाकीवर जाळी हवीच. मासे उड्या मारतात, आणि कावळा, घार, मांजर यांना ते दुरून दिसतात.

मासे आले की दुसरा पेच सुरू होतो, आणि त्याबद्दल कुणीच सावध करत नाही. पालेभाजीला दर चौरस मीटरमागे रोज ४० ते ५० ग्रॅम खाद्य माशांनी खायला हवं, हा संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने दिलेला आकडा सगळीकडे उद्धृत होतो. पण तो वाढलेल्या माशांच्या टाकीसाठी आहे. १५ पिल्लं ४ ग्रॅम खातात. त्यावर वाफ्याचा दहावा भाग पोसला जाईल, म्हणजे पालकाची दोन रोपं! गंमत अशी, की जिवाणू वाढवताना दिलेल्या नवसागराचं नायट्रेट पाण्यात साठलेलं असतं, त्यामुळे पहिली कापणी फार सुंदर येते. माणूस खूश होऊन पूर्ण वाफा लावतो आणि दुसरं पीक पिवळं पडतं. मग तो जादा मासे आणतो, नाहीतर खाद्य दुप्पट करतो. न खाल्लेलं खाद्य कुजतं, अमोनिया चढतो आणि गाडं पुन्हा पहिल्या ठिकाणी. पहिले तीन-चार महिने वाफ्याचा चतुर्थांश भागच लावा. मासे दोनशे ग्रॅमचे झाले की १५ मासे मिळून ३ किलो होतात, ते रोज ४५ ते ५० ग्रॅम खातात, आणि तेव्हा कुठे पूर्ण वाफ्याचा हिशेब जुळतो. ३०० लिटरला यापेक्षा जास्त मासे नकोत. खाद्य पाच मिनिटांत संपेल एवढंच द्या, उरलेलं जाळीने काढा.

सुरुवातीला पुदिना, अळू, लाल माठ, नाळीची भाजी, तुळस. हे बिघडवायचं म्हटलं तरी सहज बिघडत नाहीत. मेथी थेट खडीत पेरता येते. कोथिंबीर हिवाळ्यात. टोमॅटो-मिरची सहा महिन्यांनी, मुळा-गाजर कधीच नाही. नर्सरीची रोपं आणली तर मुळांवरची माती बादलीत पूर्ण धुऊन काढा.

पाण्याचा सामू ६.८ ते ७ च्या आसपास ठेवायचा, ही तडजोड आहे: झाडांना थोडं आम्ल हवं असतं, जिवाणूंना थोडं अल्कधर्मी. मुंबईचं धरणाचं पाणी मृदू, क्षारता (आम्ल पचवायची ताकद) कमी. १ ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट होताना सुमारे ७ ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी क्षारता खर्च होते, त्यामुळे अशा पाण्यात सामू घसरत जातो आणि ६ च्या खाली गेला की जिवाणूंचं काम जवळजवळ थांबतं. मासे मरतात तेव्हा लोक खाद्याला दोष देतात. सामू ६.५ झाला की चुन्याची निवळी द्या. पानाचा साधा, बिनवासाचा चुना बादलीत ढवळून रात्रभर ठेवायचा, वरचं नितळ पाणी घ्यायचं. ३०० लिटरला एका वेळी एक लिटर, दुसऱ्या दिवशी मोजून मग पुढचा. त्याने झाडांना कॅल्शियमही मिळतं. एक आठवडा निवळी आणि एक आठवडा पोटॅशियम बायकार्बोनेट, असं आलटून-पालटून दिलं तर पोटॅशही भरून निघतं. माशांच्या खाद्यात ते कमीच असतं. जुन्या पानांच्या कडा करपल्या तर हीच खूण.

बोअरवेलच्या पाण्याची तऱ्हा उलटी. सामू ८ वर अडून बसतो, कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसतात. पाण्यात लोह असलं तरी ते झाडाला घेता येत नाही. कृषी सेवा केंद्रात 'चिलेटेड आयर्न' (झाडाला घेता येईल अशा रूपातलं लोह) मागितलं की बहुधा ईडीटीए प्रकारचं हातात ठेवतात. ते सामू साडेसहाच्या वर निकामी होत जातं. पाकिटावर ईडीडीएचए ६ टक्के असं वाचूनच घ्या. ३०० लिटरला १० ग्रॅम, तीन आठवड्यांनी एकदा. पाणी लालसर होतं, घाबरू नका. सामू उतरवायला टाकीत थेट आम्ल कधीही ओतू नये. वरून भरायच्या पाण्यात आदल्या दिवशी थोडं फॉस्फरिक आम्ल घालून ते ७ वर आणा. लिंबूसत्व नको, ते जिवाणूंना सोसत नाही. पावसाळ्यात पहिले दोन-तीन पाऊस सोडून गच्चीचं पाणी साठवता आलं तर यासारखा उपाय नाही. वाफ्यावर थेट मुसळधार पाऊस मात्र पडू देऊ नका.

मावा, पांढरी माशी येणारच. इथे तंबाखूचा काढा, बोर्डो मिश्रण, साबणपाणी, बाजारातलं कोणतंही कीटकनाशक चालत नाही. फवारलेलं सगळं वाफ्यातल्या पाण्यातून माशांपर्यंत जातं. कडुनिंबाचं तेल नैसर्गिक असलं तरी माशांना निरुपद्रवी नाही. पाण्याची जोरदार धार, पिवळे चिकट सापळे आणि जास्त बिघडलेलं पान सरळ तोडणं, एवढंच हाताशी राहतं.

राहिला विजेचा प्रश्न. ३० अंशांच्या पाण्यात प्राणवायू मुळातच लिटरला साडेसात मिलिग्रॅमच्या वर मावत नाही, आणि माशांना ५ तरी लागतो. भरलेल्या टाकीत रात्री वीज गेली की तास-दोन तासांत मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करायला लागतात. पॉवर बँकेवर चालणारा छोटा यूएसबी एअर पंप आधीच घेऊन ठेवा. तोही नसेल तर मगाने पाणी हातभर उंचीवरून टाकीतच ओतत राहा, दर अर्ध्या तासाला पाच मिनिटं. आणि वीज येईपर्यंत, आल्यावरही त्या दिवशी, खाद्य देऊ नका.

यापुढे या विषयावर लेख छापताना गच्चीवरचा भार आणि मासे सोडण्याआधीचे ते बिनमाशांचे आठवडे, या दोन गोष्टी तरी चौकटीत द्याव्यात, ही विनंती.

आपले,
दोन वाचक, पुणे